आगकाड्यांची मौज मांडणारे दादासाहेब

दादासाहेब फाळके हे नाव गोव्याच्या वाचकाला परके नाही. २००४ पासून दर वर्षी पणजीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने ते पुन्हा पुन्हा कानावर पडते. मंगेशीशी नाते सांगणाऱ्या लता मंगेशकर आणि आशा भोसले या भगिनींना त्यांच्याच नावाचा पुरस्कार लाभला, तेव्हा तर ते गोव्याच्या घराघरांत उच्चारले गेले. मात्र या नावाभोवती ‘राजा हरिश्चंद्र’चे वलय एवढे मोठे आहे की त्यांच्या कर्तृत्वाचा एक छोटा, खेळकर कप्पा त्याआड झाकला गेला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढणाऱ्या या माणसानेच निर्जीव वस्तूंना पडद्यावर हालचाल करायला लावण्याचा, म्हणजे आज आपण ज्याला ॲनिमेशन म्हणतो त्याचा, आपल्याकडे पाया घातला. १९१५ च्या सुमारास त्यांनी काढलेला ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट त्या प्रयत्नाची खूण आहे. तो आज पाहायला मिळत नाही. त्यातील विनोद कदाचित आजच्या मुलाला हसवणारही नाही. तरीही त्या लघुपटापर्यंतची वाट समजून घेतली, तर फाळके नावाच्या माणसाची खरी ओळख पटते.

शास्त्रीबुवांच्या घरातील चित्रकार

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या, पुराणे आणि पूजाविधी यांचे वातावरण होते. मुलगाही शास्त्री होईल, अशीच कोणाचीही समजूत झाली असती. पण वडिलांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आले आणि धुंडिराजांची पावले १८८५ साली जे. जे. कलाशाळेकडे वळली. पुढे थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला गेले. तेथील कलाभवनात त्यांनी तैलरंग, जलरंग, वास्तुरचना आणि मूर्तिकाम यांचा अभ्यास केला. छायाचित्रण, फिल्म धुणे, छपाई हेही त्याच काळात हाताखालून गेले.

एका विद्येवर त्यांचे मन स्थिरावत नसे, असा ठपका त्या वयात त्यांच्यावर सहज ठेवता आला असता. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. तेथेच आलेल्या प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. त्या आघातानंतर ते पुन्हा बडोद्याला परतले. मधल्या काळात जादूचे प्रयोग शिकून घेऊन ते प्रोफेसर केळफा या नावाने कार्यक्रमही करू लागले. फाळके हे आडनाव उलटे वाचले की केळफा होते. ही शब्दांची कोटी आज कोणाला बालिश वाटेल, पण त्यांच्या स्वभावातील मिस्कीलपणाचा तो पहिला जाहीर पुरावा होय. ही जादूची विद्या पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. प्रेक्षकाचे लक्ष एका हाताकडे वेधायचे आणि दुसऱ्या हाताने काम साधायचे, हे जादूगाराचे सूत्र कॅमेऱ्यालाही तसेच लागू पडते.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई घरात आल्या. १९०३ पासून काही वर्षे फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक होते. स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता. सरकारी नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यात ठसे तयार करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. धंदा उत्तम चालू लागला होता. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि वयाच्या चाळिशीत हा माणूस हात झटकून त्यातून बाहेर पडला.

डोळे गेले, डोळे आले

१९११ साली गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी मुलासह एक चित्रपट पाहिला. पडद्यावर खरेखुरे प्राणी धावताना पाहून पोरगा हरखून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कुटुंबाला नेले, तर ईस्टरनिमित्त येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर येऊ शकते, तर राम आणि कृष्ण का नाही, या विचाराने त्यांना पछाडले. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो.

त्या वेडात ते दररोज तासन्‌तास चित्रपट पाहत आणि रात्री जागून प्रयोग करत. परिणाम असा झाला की त्यांची दृष्टीच गेली. ज्या माणसाला देशाला चित्रे दाखवायची होती, त्यालाच काही काळ काही दिसेना. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने डोळे पुन्हा कामाला लागले. बरे होताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट पकडली. तेथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ त्यांनी आतून पाहिला, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म मागवण्याची व्यवस्था केली आणि दोन महिन्यांत ते परत आले.

आता पैसा हवा होता. सावकाराला पटेल असे काहीतरी दाखवणे भाग होते. फाळके यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्यासमोर रोवला. सुमारे महिनाभर दररोज थोडी थोडी फिल्म उघडली. ते सारे जोडून पडद्यावर दाखवले, तेव्हा मातीतून कोंब बाहेर आला, डोलला, पाने फुटली आणि बघता बघता वेल वर चढला. महिन्याचे काम क्षणात झाले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्रणाने यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांची खात्री पटली आणि कर्ज मिळाले. भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल असे एका वाटाण्याच्या रोपाने उभे केले.

हे रोप महत्त्वाचे आहे. कारण ‘आगकाड्यांची मौज’चे बीज त्यातच आहे. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलू द्यायची, पुन्हा कॅमेरा चालवायचा आणि मधला वेळ प्रेक्षकाच्या नजरेतून गाळून टाकायचा, ही युक्ती त्यांना येथे गवसली. रोपाच्या बाबतीत बदल निसर्ग घडवत होता. आगकाड्यांच्या बाबतीत तो माणसाच्या बोटांनी घडवायचा होता.

मोठ्या चित्रपटाच्या पाठीला छोटी गंमत

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. दादरच्या घरातच तो घडला होता. सरस्वतीबाई सारे युनिट जेवू घालत, ऊन परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, रात्री फिल्मला छिद्रे पाडत आणि ती धूतही असत. त्यांच्याशिवाय ही कहाणी अपुरी आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला उभे केले. इतर पुरुष नटांनाही मिशा काढायला लावणे अवघड गेले, कारण वडील हयात असताना मिशी उतरवणे अशुभ मानले जाई.

यशानंतर फाळके नाशिकला गेले. पुढचा ‘मोहिनी भस्मासुर’ ३ जानेवारी १९१४ रोजी झळकला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोन स्त्रियांनी प्रथमच पडद्यावर काम केले. त्या चित्रपटासोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी लघुपट दाखवला गेला. नावावरूनच त्याची जात कळते. स्वयंपाकघर, पीठ, हात आणि त्यातून होणारी फजिती. त्या काळी एका तिकिटात प्रेक्षकाला फक्त कथापट मिळत नसे. मुख्य चित्रपटाच्या मागेपुढे उत्सवाचे चित्रण, कारखान्याची सफर, जादूचा खेळ आणि एखादी विनोदी चीज असा सारा ताटभर मेवा असे. कीर्तनकार गंभीर निरूपण करता करता मध्येच एखादी हलकी गोष्ट सांगतो, तसेच हे होते. पडद्यापुढे पेटी आणि तबला वाजत असे, आणि मुक्या चित्राला नाद त्यांच्याकडूनच मिळे. संगीत आणि विनोद यांची जी सांगड पुढे बोलक्या व्यंगचित्रपटांनी घातली, तिचे हे पूर्वरूप होते. फरक इतकाच की वाजवणारा माणूस पडद्याबाहेर बसलेला असे.

काड्या चालू लागल्या

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांचे काम पाहून तेथे त्यांना राहण्याची आणि काम करण्याची संधी पुढे आली. ती नाकारून ते परतले, तोच महायुद्ध भडकले. कच्ची फिल्म मिळणे दुरापास्त झाले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. ‘लंकादहन’सारखा मोठा चित्रपट तडीस जायला त्यामुळे १९१७ उजाडले. दोन मोठ्या चित्रपटांच्या मधल्या या ओढग्रस्तीच्या काळात त्यांनी लघुपटांकडे मोर्चा वळवला. थोडी फिल्म, थोडा खर्च, नट नाहीत, वेशभूषा नाही. आगकाड्यांना पगार द्यावा लागत नाही आणि मिशाही काढाव्या लागत नाहीत.

युरोपात ही कल्पना नवी नव्हती. एमिल कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ साली रेषांची चलच्चित्रे पडद्यावर आणली होती आणि त्याच वर्षी काड्यांनाही नाचवले होते. फाळके यांची प्रेरणा तेथून आली असे मानले जाते. परंतु हे कसे करायचे हे शिकवणारा कोणी येथे नव्हता, पुस्तकही हाताशी नव्हते. जे काही होते ते स्वतःचे हात आणि स्वतःचे अर्धवट बरे झालेले डोळे.

कामाची रीत साधी, पण जीवघेणी होती. मूकपटाच्या काळी एका सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटासाठी जवळजवळ ९६० चित्रे. प्रत्येक चित्रासाठी काड्या किंचित हलवायच्या, कॅमेऱ्याचा दांडा एका चौकटीपुरता फिरवायचा, थांबायचे, पुन्हा हलवायचे. मधेच कोणाचा हात लागला, वाऱ्याने काडी घसरली किंवा उजेड कमीजास्त झाला, तर आधीची मेहनत वाया जायची. काडी किती सरकवली की ती चालल्यासारखी वाटते आणि किती सरकवली की उडी मारल्यासारखी वाटते, याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या त्या काळी ढगाचा एक पुंजकाही शत्रू होता.

या खटाटोपाचे फळ एवढेच की आगपेटीतून बाहेर पडलेल्या काड्या आपोआप हलाव्यात आणि प्रेक्षकांनी मौज म्हणून पाहावे. त्याच सुमारास ‘विचित्र शिल्प’, ‘लक्ष्मीचा गालिचा’ असे लघुपटही फाळके यांच्या हातून झाले. प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही त्यांनी फिल्मवर उतरवले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखवणारे चित्रणही त्यांनी केले. जादूगार सहसा आपली युक्ती झाकून ठेवतो. हा जादूगार ती लोकांसमोर उलगडत होता, कारण हा धंदा देशात रुजावा अशी त्याची तळमळ होती.

शिळा विनोद, ताजी हालचाल

आज ही मौज पाहिली तर कोणी हसेल का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्या काळचा विनोद आता जुना झाला आहे. पुरुषाने नेसलेली साडी, मिशी काढल्याची खूण लपवणारा चेहरा, पिठाने माखलेला माणूस, काडीचा नाच यांत आजच्या मुलाला फार तर कुतूहल वाटेल. कित्येक ठिकाणी तर फाळके यांना जेथे हसवायचे नव्हते, तेथे आजचा प्रेक्षक हसतो. ‘राजा हरिश्चंद्र’मधील जलविहाराच्या प्रसंगात साळुंके आणि त्यांच्या पुरुष सख्या भिजलेल्या साड्यांत दिसतात, तेव्हा हसू आवरत नाही.

गोव्याच्या वाचकाला मात्र येथे जरा वेगळा विचार करता येईल. पेडण्यात किंवा सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गात दशावताराच्या प्रयोगाला बसलेला माणूस पुरुषाने साकारलेल्या राणीवर हसत नाही. तिच्या विलापाने त्याचे डोळे भरून येतात. रात्रीच्या प्रारंभी संकासुर येऊन जी बडबड करतो, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तरी शिळी होत नाही. कारण नट ती लिहून आणत नाही. गावातला कालचा प्रसंग, देवळाची समिती, नुकतीच झालेली निवडणूक असे काहीही त्यात येते आणि विनोद त्या रात्रीपुरता नवा होतो. नटाच्या तोंडचा विनोद रोज जन्म घेतो. फिल्मवरचा विनोद एकदाच जन्मतो आणि तेथेच थिजतो. त्याला समोरचा प्रेक्षक दिसत नाही. काळ पुढे सरकतो आणि विनोद मागे उभा राहतो. हे फाळके यांचे अपयश नव्हे, त्या माध्यमाचा तो स्वभाव आहे.

परदेशातील दाखले पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. वॉल्ट डिस्नेच्या १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’त मिकी माऊस जनावरांच्या अंगांचाच वाद्यमेळ करतो. शेपटी पिळतो, गायीचे दात वाजवतो. नाद आणि हालचाल यांचा तो मेळ आजही थक्क करतो, पण मुक्या जीवांना छळून हसवणे आता रुचत नाही. वॉर्नर ब्रदर्सचे ११ संगीतमय व्यंगचित्रपट तर कृष्णवर्णीय माणसांच्या विटंबनेमुळे १९६८ साली दूरचित्रवाणीच्या प्रसारणातून काढून घेतले गेले. त्यांतील चित्रकारांचे कसब अव्वल होते, तरीही तो विनोद केवळ शिळा नव्हे तर कडू झाला. दुसऱ्याच्या रंगावर किंवा जातीवर बेतलेला विनोद सर्वांत लवकर नासतो. फाळके यांच्या काड्यांना रंग नव्हता, जात नव्हती. वस्तूची गंमत वस्तूपुरती राहिली. म्हणून त्यांचा विनोद जुना झाला असेल, पण लाजिरवाणा झाला नाही.

आपल्याकडे बोलपट आल्यावर हा धागा इतरांनी उचलला. १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ हा व्यंगचित्रपट काढला. वाटाण्यांनीच तेथेही हजेरी लावावी, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा. प्रभात कंपनीनेही त्या दशकात ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट केला. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तोपर्यंत आगकाड्या हलवणारे हात शांत होऊन १२ वर्षे लोटली होती.

अखेरची वर्षे

‘लंकादहन’ने अपार यश दिले. त्यात साळुंके यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ सालचा ‘कालियामर्दन’ लोकांनी डोक्यावर घेतला. ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्णाचे काम फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केले आहे. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक भाव सरकत जातात. त्यात बापाचे कौतुक आहे आणि कलावंताची चोख नजरही आहे.

पण भागीदारीत त्यांचे मन रमले नाही. पैशाचा हिशेब आणि कलेचा हिशेब जुळेना. ते कंपनी सोडून काशीला गेले, ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा कंपनीत परतले. अनेक चित्रपट दिग्दर्शित केले, तरी पहिला जोम परत आला नाही. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून घडला आणि तोवर बोलपटांचे युग अवतरले. मग त्याला आवाज चढवावा लागला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. तो कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी केला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. ज्यांनी पडद्याला हालचाल शिकवली, त्यांना पडद्याच्या नव्या आवाजाने मागे टाकले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हातात ना कंपनी होती ना पैसा.

शासनाने १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला आणि १९७१ साली टपाल तिकीट काढले. त्यांची फिल्म मात्र फार थोडी वाचली. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांचे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रयत्नांमुळे टिकून राहिले. त्या काळची फिल्म ज्या कचकड्याची असे, तो झटकन पेट घेई आणि पेटला नाही तर हवेत हळूहळू सडून जाई. मोठ्या चित्रपटांची किंमत कोणाला तरी कळली, म्हणून त्यांचे अवशेष कोणीतरी जपले. मुख्य चित्रपटाच्या मागेपुढे दाखवायच्या गमतीला कोण जपणार?

म्हणून ‘आगकाड्यांची मौज’ आज केवळ नावाने उरली आहे. तीत कोणती काडी कोठे धावली, शेवटी तिने पेट घेतला की ती पुन्हा पेटीत जाऊन निजली, हे पाहणारे डोळे आता नाहीत. परंतु आज संगणकावर बोटाने चित्रे हलवणारा गोव्यातला एखादा विद्यार्थी जेव्हा पहिल्यांदा एखाद्या कपाला किंवा चमच्याला चालायला लावतो आणि तो चमचा एकदाचा हलल्यावर खुर्चीत मागे रेलून हसतो, तेव्हा तो विनोदाला हसत नसतो. निर्जीव वस्तू आपल्यामुळे जिवंत झाली, याचे ते हसू असते. नाशिकला एका चष्मेवाल्या माणसाने काडीमागे काडी सरकवली ती याच आनंदासाठी. विनोद शिळा झाला. त्या आनंदाला अजून वय आलेले नाही.